सुमनताईंचा सुटा फ्लॅश

"फ्लॅश कुठला घ्यायचा ते मागनं सांगते, सर. आदी सांगा, ह्यो फोटो काढताना तुमी कुटं उभं हुता?"

सुमनताई साळवे माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. शेवगावच्या ज्युनिअर कॉलेजात मी नुकताच शिकवायला लागलो होतो. मुलीच्या बारशाला मेहुण्याचा कॅमेरा मागून आणला होता आणि हौसेनं अख्खा रोल संपवला होता. फोटो धुऊन आले तर मुलगी पिठात लोळवल्यासारखी पांढरी, तिचे डोळे लाल, आणि तिला मांडीवर घेतलेल्या माझ्या आईच्या मागं भिंतीवर काळीकुट्ट सावली. जणू दुसरीच कोणी बाई येऊन बसली होती. फ्लॅश खराब आहे असं माझं ठाम मत झालं. एखादा स्वस्तातला, पण बरा फ्लॅश सुचवा, म्हणून मी एस.टी. स्टँडजवळच्या त्यांच्या स्टुडिओत गेलो होतो.

"समोर उभा होतो," मी म्हणालो. "दुसरीकडं कुठं उभा राहणार?"

"तुमी समोरच राव्हा. फ्लॅशला कशाला समोर ठिवायचं?" त्यांनी फोटो काउंटरवर ओळीनं मांडले. "अंधारात कुनाच्याबी तोंडावर बॅटरी मारली तर माणूस चोरावानी दिसतं. तुमची पोरगी तर दोन आठवड्यांची हाय. फ्लॅश चांगला हाय तुमचा. जागा चुकली."

मग त्यांनी काउंटरखालून एक काळी, गुंडाळी केलेली वायर काढली. एका टोकाला कॅमेऱ्यात बसणारी पिन, दुसऱ्या टोकाला फ्लॅशमध्ये बसणारी. "फ्लॅशच्या आदी ही घ्या. हिच्यानं फ्लॅश सुटा हुतो. डोक्यावरनं उतरून हातात येतो. मग कुटंबी धरा."

नवा फ्लॅश घ्यायला गेलेला मी वायर घेऊन घरी आलो. त्यानंतरची सात-आठ वर्षं, बदली होईपर्यंत, आठवड्यातून एखादी संध्याकाळ तरी मी त्या स्टुडिओच्या बाकावर काढली असेल.

स्टुडिओ म्हणजे एक खोली. पुढं काउंटर, मागं फोटो काढायची जागा, त्यामागं पडदा लावलेली डार्करूम. कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. भिंतीवर रंगवलेला धबधबा होता, पण तो जागेच्या आधीच्या मालकाचा. सुमनताईंनी त्यावर एक करडं लष्करी घोंगडं टांगलं होतं. ते त्यांच्या माहेराहून, भिंगारहून आलेलं. त्यांचे मामा तिथल्या छावणीत फोटोच्या खात्यात नोकरीला होते. लहानपणी मामांच्या घरी फोटो धुवायला, वाळत घालायला ही भाची असायची. शिक्षण सातवीपर्यंत, आणि बाकीचं त्या वाळत घातलेल्या फोटोंवर. गिऱ्हाईक धबधब्यापुढं फोटो मागायचं. त्या म्हणायच्या, "धबधबा बगायचा आसंल तर सहलीला जावा. मला तुमी दिसू द्या."

ठेंगणा बांधा, सावळा रंग, सहावारी पातळाचा पदर कमरेला खोचलेला, आणि चष्म्याच्या दांड्यांना बांधलेला काळा गोफ. कॅमेरा डोळ्याला लावायचा तर चष्मा आड येई. तो छातीवर सोडून देत आणि काम झालं की पुन्हा चढवीत. माणूस समोर बसलं की त्या "हसा" असं कधी म्हणाल्या नाहीत. आधी चहा मागवायच्या. मला वाटे, आदरातिथ्य. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं.

"आदरातिथ्य कसलं, सर. कपबशी हातात आली का माणूस आपलं तोंड इसरतं. तवर मी बगून घेते."

आणि चहा झाल्यावर, कॅमेऱ्यामागून, सहज विचारल्यासारखं विचारायच्या, "कुनाची वाट बगताय?" माणसाच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी हलायचं. कोणी खरंच कुणाची वाट बघत असेल, कोणी नसेल. पण तेवढ्यात खटका दाबलेला असे.

यजमान लक्ष्मणराव एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. सहा फुटांच्या वर उंच, आणि बोलणं जवळजवळ नाही. ड्यूटी संपली की हातांचा ग्रीस घासून काढून ते स्टुडिओत हजर. लग्नाच्या ऑर्डरला बायको कॅमेरा घेऊन पुढं आणि हे एका हातात सुटा फ्लॅश उंच धरून बाजूला. काळ्या छत्रीला आतून पांढरं कापड शिवून त्यांनी स्वतः एक खटपट केली होती. फ्लॅशचं तोंड छत्रीत, आणि छत्रीतून परतलेला मऊ उजेड माणसावर. छत्रीच्या दांड्याला एक सुतळी, सुतळीला गाठी. हा फ्लॅश जुना, साधा. किती उजेड टाकायचा हे त्याचं त्याला कळत नसे. टाकायचा तेवढाच टाके. त्यामुळं तो माणसापासून किती लांब आहे त्यावर भिंग किती उघडायचं तो कॅमेऱ्याचा आकडा लावावा लागे. पहिली गाठ म्हणजे एक आकडा, दुसरी म्हणजे दुसरा. सुमनताई गर्दीतून नुसतं "दोन गाठी!" म्हणायच्या आणि लक्ष्मणराव नवरीच्या खांद्यापाशी सुतळी धरून तेवढे मागं सरकायचे. लोक हसत. एका लग्नात कोणीतरी म्हणालं, "साळवे, बायको हाकंल तसं फिरता व्हय?" लक्ष्मणराव म्हणाले, "ती बघती, मी धरतो." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे बहुधा सगळ्यात लांब वाक्य.

हा सगळा उद्योग कशासाठी, हे सुमनताईंनी मला एकदा दोन फोटो शेजारी ठेवून दाखवलं. दोन्हीत त्यांच्याच समाजातल्या, बौद्ध लग्नातल्या नवऱ्या. दोघींची लुगडी पांढरीशुभ्र, दोघी रंगानं सावळ्या. पहिला फोटो दुसऱ्या कुणा फोटोग्राफरनं कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारून काढलेला. त्यात जादा उजेडानं पातळ असं पांढरंफटक जळलेलं की काठ, पदर, काही कळत नव्हतं आणि चेहऱ्याच्या जागी एक काळा डाग. दुसरा त्यांचा. उजेड डावीकडून, जरा वरून. पातळाची घडीन् घडी दिसत होती आणि नवरीच्या गालावर, नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर उजेड थांबला होता.

"ही पयली माझी मावसबहीण," त्या म्हणाल्या. "लग्नाचा येवढाच एक फोटो. तिच्या पोरी इचारतात, आई, यात तू कुटं हायस?"

मग तो फोटो त्यांनी पुन्हा पाकिटात घातला.

जुना फ्लॅश अधूनमधून दगा देऊ लागला तेव्हा दुसरा आणायचं ठरलं. मला पुण्यात पेपर तपासणीचं काम होतं, म्हणून त्या माझ्याबरोबर आल्या. जुन्या कॅमेऱ्यांचा व्यापार करणारं एक दुकान मला ऐकून ठाऊक होतं. दुकानदार बोलायचा माझ्याशी आणि फ्लॅश काढून ठेवायचा माझ्यापुढं. एक नवाकोरा, चकचकीत फ्लॅश त्यानं मांडला. तो कॅमेऱ्याशी बोलून आपला आपण उजेड कमीजास्त करतो, डोकं वर करता येतं, अमुक आहे, तमुक आहे.

सुमनताईंनी तो उचलून चारी बाजूंनी पाहिला. "वायर लावायचं भोक कुटाय?"

"ते लागत नाही हो याला. हा वर बसतो."

"मग आमाला न्हाई चालायचा." त्यांनी तो अलगद खाली ठेवला. कपाटाच्या खालच्या फळीवर तीन-चार जुने फ्लॅश धूळ खात पडले होते. "ते दावा."

पुढचा अर्धा तास मी नुसता बघत होतो. प्रत्येक फ्लॅशचं सेलचं झाकण त्यांनी उघडलं आणि आत गंज चढलाय का ते पाहिलं. नाकाशी नेऊन जळका वास येतो का बघितलं. पर्समधून स्वतःचे पेन्सिल सेल काढून घातले. बटण सरकवल्यावर सूं करून बारीक आवाज येतो तो कान लावून ऐकला, आणि लाल दिवा लागेपर्यंत शांतपणे आपले श्वास मोजत राहिल्या. दिवा लागला की उघड्या तळहातावर फ्लॅश मारायचा, आणि पुन्हा दिवा लागेपर्यंत थांबायचं. एकाला फार वेळ लागला. "ह्यो दमलाय," म्हणून तो बाजूला. एकाचा उजेड कमी करायची सोय नव्हती, तोही बाजूला. शेवटी एक राहिला. टवके उडालेला, पुढच्या काचेच्या कोपऱ्याला बारीकशी चीर.

"याची काच चिरलीय, बाई," दुकानदारच म्हणाला. आता तो त्यांच्याशी बोलू लागला होता.

"चीर फोटूत येत न्हाई, दादा. वायर बसती, उजेड निम्मा हुतो, आन् सेल आमच्या पानटपरीवर मिळत्यात. आनखी काय पायजे?"

दुकानदार हसला, आणि आम्ही निघताना त्यानं एक छोटीशी वस्तू वर फुकट दिली. काचेच्या मण्याएवढा डोळा. हा फ्लॅशला लावला की वायरच नको. खोलीत दुसरा फ्लॅश उडाला की त्याचा उजेड पाहून हा आपोआप उडतो. परतीच्या एस.टी.त सुमनताई तो डोळा रुमालात बांधून मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लहान मुलीसारख्या खूश होत्या. वायरीत पाय अडकून लक्ष्मणराव दोनदा पडता पडता वाचले होते.

त्या डोळ्यानं पुढच्याच लग्नात घोटाळा केला. पाथर्डीकडच्या एका बड्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न. मोठा मांडव. एक फ्लॅश कॅमेऱ्यावर, दुसरा लक्ष्मणरावांच्या हातात, वायर नाही, सगळं मोकळंढाकळं. पण मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्यांकडं त्या वर्षी गळ्यात अडकवायचे छोटे कॅमेरे आलेले, प्रत्येकाला आपापला फ्लॅश. कोणी मावशीचा फोटो काढला की लक्ष्मणरावांचा फ्लॅश उडे. कोणी आचाऱ्याचा काढला, उडे. कोणी नुसतं बटण दाबून पाहिलं, तरी उडे. लक्ष्मणराव हातातल्या त्या भुताकडं बघत उभे. एका म्हाताऱ्यानं दोन्ही हात डोळ्यांवर घेतले आणि म्हणाला, "आरं, त्या लांबड्याला कुनीतरी खाली बशीवा!"

अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला, नवरीनं हार उचलला आणि लक्ष्मणरावांच्या फ्लॅशचे सेल संपलेले. लाल दिवा लागेना.

मी मागच्या रांगेतून पाहत होतो. सुमनताईंनी नवरीच्या हातातल्या हारावर सरळ आपला हात ठेवला. भटजी थबकले. अख्खा मांडव बघत होता. "बाई, जरा दम धर," त्या नवरीला म्हणाल्या. "नवरा कुटं जात न्हाई. त्याच्याकडं नीट बगून घे तवर."

नवरी हसली. नवराही हसला. मांडव हसला. तेवढ्यात लक्ष्मणरावांनी सेल बदलले, वायर जोडली आणि "दोन गाठी" अंतरावर छत्री धरली. तो फोटो त्या घरात पुढं मोठा करून लावला, असं कळलं. डोळा मात्र त्यांनी मला देऊन टाकला. "तुमच्या घरी येक पोरगी, येक आई. तितं चालंल."

आता मंगलची गोष्ट सांगायला हवी. हे तिचं खरं नाव नाही.

जवळच्याच एका खेड्यातल्या बागायतदाराची ही मुलगी. बारावीला ती माझ्याच वर्गात होती. रंगानं काळी, नाक जरा फेंदारलेलं, डोळे मोठे. स्थळांना पाठवायला घरच्यांनी दुसऱ्या गावी फोटो काढला होता. तिथल्या माणसानं चेहऱ्यावर पावडर थापून, वरून फोटोवर ब्रशनं रंग भरून तिला गुलाबी करून टाकलं होतं. फोटो बघून दोन ठिकाणचे पाहुणे आले. मुलगी बाहेर आली तशी त्यांची बोलणी संपली. एका पाहुण्यानं तर, "फोटोतली धाकटी का?" असं विचारलं म्हणे. मंगल कॉलेजात यायची बंद झाली. तिला आणि तिच्या आईला मी सुमनताईंकडं घेऊन गेलो.

त्या दिवशी चहा दोनदा झाला. मंगल मान वर करत नव्हती. सुमनताई तिच्या पुढं जमिनीवरच बसल्या आणि तिच्याशी कापसाबद्दल, कॉलेजबद्दल, कशाकशाबद्दल बोलल्या. पावडर पुसून टाकायला लावली. लक्ष्मणरावांना खिडकीच्या बाजूला उभं केलं, एक गाठ पुढं, एक मागं, असं चार-पाच वेळा. शेवटी विचारलं, "कुनाची वाट बगती?"

मंगलनं मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडं पाहिलं. "कुनाचीच न्हाई," ती म्हणाली.

फोटो आला तेव्हा आईचा चेहरा पडला. "अवो बाई, काळी काढली की माझी पोर."

"काळी न्हाई काढली. हाय तशी काढली."

"मग फोटूचा उपेग काय? हाय तशी तर ती घरात हायच."

आईनं फोटो घेतला नाही. आठ-दहा दिवसांनी मी बाकावर बसलो होतो तेव्हा मंगल एकटीच आली. फोटो मागितला. काउंटरशी उभं राहून बराच वेळ बघत राहिली. बाजूनं आलेल्या उजेडात कपाळाचा चढ, गालाचं हाड, भुवईखालची सावली, आणि ते सरळ बघणारे डोळे.

"ताई, मी आशी हाय?"

"आशीच हायस."

"ह्यो मला पायजे. कुनाला द्यायला न्हाई. मला."

सुमनताईंनी तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, वर पातळ कागद लावून दिला. पुढं मंगलचं लग्न झालं, कुठल्या फोटोवर झालं ते मला माहीत नाही. पण त्या आठवड्यापासून ती वर्गात पुन्हा येऊ लागली, पहिल्या बाकावर बसू लागली, एवढं मी पाहिलं.

ती गेल्यावर मी सुमनताईंना म्हणालो, "तिच्या आईचंही चुकलं नाही म्हणा."

"न्हाईच चुकलं. तिला पोर उजवायची हाय," त्या म्हणाल्या. "तिनं रंग बदलून मागितला. माझ्याकडं फकस्त उजेड हाय. रंग मी कुटनं आनू?"

माझी लातूरला बदली झाली. निघायच्या आदल्या दुपारी मी निरोप घ्यायला गेलो. लक्ष्मणरावांची साप्ताहिक सुट्टी होती, तेही होते. चहा सांगितलेला. तेवढ्यात दारात एक जीप थांबली. एक म्हातारी उतरली, तिच्यामागं एक तरुण माणूस आणि त्याची बायको. बायकोच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं मूल. तिची चाल पाहूनच आम्ही तिघंही उठून उभे राहिलो.

"सरकारी दवाखान्यातनं आलो," म्हातारी म्हणाली. "सकाळी गेलं. तीन महिन्यांचं हुतं. याचा येकबी फोटू न्हाई, बाई. मातीत घालायच्या आदी येक काढा."

लक्ष्मणरावांचा हात सवयीनं छत्रीकडं गेला. "नगं," सुमनताई हळूच म्हणाल्या. "झोपल्याल्यावर फ्लॅश मारत्यात व्हय?"

त्यांनी मागचं दार उघडलं. अंगणातल्या भिंतीवर ऊन होतं, तिथून परतलेला उजेड खोलीत आला. त्यांनी आईला दाराशी, जमिनीवर घोंगडं अंथरून बसवलं. बाळाचं टोपडं सारखं केलं, गालावर चिकटलेला कापसाचा तंतू काढला. कॅमेरा स्टँडवर लावला. पण त्या आईचं सगळं अंग थरथरत होतं, मांडीवरचं बाळही हलत होतं. उजेड इतका मंद की कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा राहणार. फोटो हलला असता. फ्लॅशनं तो हलला नसता. क्षणात उडतो, थरथर दिसत नाही. हे मला कळत होतं, म्हणजे त्यांनाही कळत होतं. त्यांनी एकदा छत्रीकडं पाहिलंही. मग कॅमेरा तसाच सोडून त्या बाईजवळ जाऊन बसल्या आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं एकदा हॉर्न वाजवला. लक्ष्मणराव बाहेर गेले, पुन्हा वाजला नाही. चहावाला आला आणि कपबश्या तशाच घेऊन माघारी गेला.

हळूहळू ती बाई शांत झाली. "त्याचं डोळं उघडं येत्याल का फोटूत?" तिनं विचारलं.

"न्हाई, बाई. मिटल्यालंच येत्याल. दूध पिऊन निजलाय, आसं येईल."

बाईनं मान हलवली आणि खाली बाळाकडं पाहिलं. सुमनताई उठल्या, चष्मा सोडला. त्यांनी तिला काहीही विचारलं नाही. एक फोटो काढला, मग आणखी एक.

जीप गेली. रोल त्याच सकाळी घातलेला, जवळजवळ सगळा कोरा. त्यांनी तो तसाच गुंडाळून बाहेर काढला. त्यांच्या डार्करूममध्ये काळे-पांढरेच फोटो होत; रंगीत रोल धुवायचा तर नगरला जावं लागे, आणि एरवी त्या आठवड्याचे रोल साठवून एकदम नेत. "उद्या सकाळी येनार हायत ते," त्या लक्ष्मणरावांना म्हणाल्या. "मी नगरला जाऊन येते. लॅब उघडी आसंल आजून."

"मी नेतो की," लक्ष्मणराव म्हणाले.

"नगं. रंग कसा काढायचा ते मला उभं राहून सांगावं लागंल. ते पोराला पिवळं करून ठिवत्याल."

मी त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेलो. नगरची गाडी लागलेली होती. निरोपाचं मी मनात जुळवलेलं काही बोलायचं राहूनच गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "लातूरला लाईट कशी आसती कुनाला ठाव, सेल जास्तीचे ठिवा," आणि चढल्या.

गाडी भरलेली होती. कोणीतरी सरकून त्यांना खिडकीशी जागा दिली. मी खाली उभा होतो. कंडक्टर ओळखीचा होता. "जय भीम, ताई" म्हणून त्यानं तिकीट पुढं केलं. त्यांनी ते डाव्या हातानं घेतलं. सुट्टे पैसे दिले तेही डाव्या हातानं, रुमालाची गाठ दातांनी सोडून. कंडक्टर जरा गोंधळून बघत राहिला. गाडी हलली. उजवा हात मांडीवर होता. त्यात तो रोल होता, आणि ती मूठ त्यांनी उघडली नाही.